३४७ खोल्यांचं घर

मुलांनो, एक गणित सोडवा बरं. एका घरात ३४७ खोल्या आहेत. तुम्ही ठरवलंत, की रोज रात्री नव्या खोलीत झोपायचं, झोपलेल्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. मग सगळ्या खोल्या संपायला किती दिवस लागतील? गणित अगदीच सोपं आहे, पण उत्तराकडे जरा नीट बघा. वर्ष संपत आलं की! उरतात फक्त अठरा दिवस. ते दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या घरी काढायचे.

असं घर खरोखरच आहे. राजस्थानातल्या जोधपूर शहराच्या जुन्या तटाबाहेर, चित्तर नावाच्या टेकडीवर ते उभं आहे. त्याचं नाव उमेद भवन. बांधून झालं तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या खासगी घरांत त्याची गणना होत होती. आज त्याच्या एका भागात जोधपूरचं राजघराणं राहतं, एका भागात संग्रहालय आहे आणि उरलेल्या भागात आहे हॉटेल. पैसे मोजले, तर कुणालाही तिथे चार दिवस राजासारखं राहता येतं. किती पैसे, ते मात्र आईबाबांना इतक्यात विचारू नका. पुष्कळ घरांत महिनाभर राबून जेवढा पगार येतो, तेवढा तिथे एका रात्रीत उडतो!

पण समजा, तुमची लॉटरी लागली आणि तुम्ही निघालात. मुंबईहून जोधपूरला जाणाऱ्या एका गाडीचं नाव आहे सूर्यनगरी एक्स्प्रेस. सूर्यनगरी म्हणजे जोधपूरच, कारण ऊन तिथे पाचवीलाच पुजलेलं. वर्षभरात सरासरी पाऊस किती पडतो माहीत आहे? सुमारे ३६ सेंटिमीटर. तुमच्या कंपासपेटीतली पट्टी १५ सेंटिमीटरची असते ना? तशा जेमतेम अडीच पट्ट्या. आणि तोही वेळेवर येईल याची खात्री नाही. हा पाऊस नीट लक्षात ठेवा हं, आपल्या राजवाड्याची गोष्ट त्याच्यापासूनच सुरू होते.

जोधपूर वसवलं राव जोधा यांनी, १४५९ साली. उंच खडकावर मेहरानगड किल्ला, त्याच्या पायथ्याशी निळ्या रंगाच्या घरांची दाटी आणि सगळ्याभोवती तट. जालोरी गेट, सोजती गेट ही तटाच्या दरवाजांची नावं आजही रिक्षावाल्यांच्या तोंडी असतात. किल्ल्याबद्दल तिथे एक दंतकथा सांगतात. ज्या डोंगरावर किल्ला बांधायचा होता, तिथे चिडियानाथ नावाचे एक साधू राहत होते. डोंगरावर पाखरं पुष्कळ, म्हणून हे नाव. साधूबाबांना हलवलं तसे ते रागावले आणि त्यांनी शाप दिला, ‘तुझ्या राज्यात पाण्याचा दुष्काळ पडेल!’ राजानं त्यांची समजूत घातली, पण दुष्काळ काही टळला नाही, असं म्हणतात.

शाप वगैरे आपण गोष्ट म्हणून ऐकू. पण दुष्काळ खरे होते. विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० मध्ये पडलेला दुष्काळ तर इतका भयंकर होता, की ‘छपनिया अकाल’ हे नाव राजस्थानातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या बोलण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलं. गुरं मेली, माणसं मेली, गावंच्या गावं ओस पडली.

मग आलं १९२० चं दशक. पुन्हा ओळीनं पावसानं दगा दिला. तेव्हा गादीवर होते महाराजा उमेदसिंह. शेतकऱ्यांच्या हाताला काम नाही, घरात दाणा नाही. लोक दरबाराकडे डोळे लावून बसले होते. अशा वेळी राज्यकर्त्यानं काय करावं? नुसतं धान्य वाटलं तर ते किती दिवस पुरणार? शिवाय धडधाकट माणसाला फुकटचं खायला लाज वाटते. म्हणून काहीतरी मोठं काम काढायचं, लोकांना त्यावर लावायचं आणि मजुरी द्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. लखनौचा बडा इमामबाडा अठराव्या शतकातल्या दुष्काळात असाच बांधला गेला. पुण्याचा आगाखान पॅलेस तुम्ही सहलीत पाहिला असेल, तोही १८९२ मध्ये दुष्काळग्रस्तांना काम मिळावं म्हणून बांधलेला. आणि तुमच्या आजी-आजोबांना १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारा. खडी फोडल्याच्या, पाझर तलावाची माती वाहिल्याच्या आणि सुकडी खाल्ल्याच्या आठवणी ते सांगतील.

तर उमेदसिंहांनी काम काढलं ते राजवाड्याचं. १८ नोव्हेंबर १९२९ या दिवशी पायाभरणी झाली.

हे वर्गात सांगितलं, तेव्हा चौथीतल्या एका मुलीनं पटकन हात वर केला. म्हणाली, ‘‘बाई, लोक उपाशी होते ना? मग राजवाडा कशाला? विहीर खणायची!’’

प्रश्न बिनतोड आहे. मोठमोठ्या माणसांनीही तो विचारलेला आहे. उत्तराची एक बाजू अशी, की पाण्याची कामंही झाली. जोधपूरजवळचा उमेदसागर हा तलाव याच राजाच्या काळातला. जवाई नदीवरच्या मोठ्या धरणाचं काम त्यांनी १९४६ मध्ये सुरू केलं आणि ते १९५७ मध्ये पुरं झालं. म्हणजे पाण्याचं त्यांच्या डोक्यात नव्हतं असं नाही. दुसरी बाजू अशी, की राजवाड्याचं काम खूप वर्षं चालणारं, दगड घडवण्यापासून ओझी वाहण्यापर्यंत नाना हातांना पुरणारं. दोन ते तीन हजार माणसं तिथे राबली. खर्च एक कोटी रुपयांच्या वर गेला. त्यातला पैसा मजुरीच्या रूपानं घरोघर पोचला, चुली पेटल्या. हे सगळं खरं. तरीसुद्धा मला विचाराल, तर राजाला राहायला मेहरानगड होता, दुसरे महाल होते. तेवढ्या हातांनी आणखी चार तलाव झाले असते, तर त्यांचं पाणी त्या मजुरांच्या नातवंडांनाही पुरलं असतं. तुमचं मत वेगळं असू शकतं. घरी यावर वाद घालून बघा. आई एकीकडे आणि बाबा दुसरीकडे असं झालं, तर फारच मजा!

आता बांधकामाकडे वळू. ते खरंच थक्क करणारं आहे. नकाशे काढले हेन्री व्हॉन लँचेस्टर या इंग्रज वास्तुशिल्पकारानं. बाहेरून बघताना मधला घुमट, बाजूचे मनोरे, रेखीव कोरीव काम बघून एखादं देवालय वाटतं, तर आत शिरलं की गुळगुळीत वळणं आणि सरळ रेषा दिसतात. त्या काळात युरोप-अमेरिकेत ‘आर्ट डेको’ नावाच्या शैलीची चलती होती, तिचा हा थाट. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरच्या गोलाकार गॅलऱ्यांच्या जुन्या इमारती पाहिल्यात ना? त्यांची आणि या राजवाड्याची शैली एकच म्हणायची. फरक एवढाच, की मुंबईत सिमेंट-काँक्रीट आणि इथे दगड.

हा दगड म्हणजे तिथलाच सोनेरी-गुलाबी वालुकाश्म. सकाळी एक रंग, दुपारी दुसरा, सूर्य मावळताना तिसरा. खाणीतून तो टेकडीपर्यंत आणण्यासाठी खास रेल्वेचे रूळ टाकले होते. आणि खरी गंमत पुढे आहे. दगड एकमेकांवर बसवताना मध्ये चुना किंवा सिमेंट भरलेलंच नाही! मग भिंती टिकल्या कशा? सुतारकाका पलंगाचा पाय जोडतात, ते कधी जवळून बघा. एका लाकडाला ते खाच पाडतात आणि दुसऱ्याला कुसू काढतात. कुसू खाचेत ठोकून बसवला की जोड हलत नाही. पाथरवटांनी हेच दगडात केलं. प्रत्येक दगड मापात घडवायचा, त्याची खाच शेजारच्याशी जुळवायची, मगच तो वर चढवायचा. एखादा दगड केसभर जरी चुकला, तरी पुढची सगळी रांग वाकडी. हजारो दगडांच्या बाबतीत हे करायचं म्हणजे काय, याचा विचार करा. लँचेस्टरसाहेबांचं नाव पुस्तकात सापडतं. छिन्नी-हातोडीनं खाचा काढणाऱ्या त्या पाथरवटांची नावं मात्र कुठे वाचायला मिळत नाहीत.

मधला घुमट शंभर फुटांहून उंच आहे. आतलं संगमरवर मकराण्याचं. ताजमहालाला गेलं ते हेच मकराण्याचं. दारंखिडक्यांसाठी सागवान आलं ब्रह्मदेशातून. टेकडी तर नुसता खडक. त्यावर हिरवीगार बाग करायची, तर माती वर नेऊन टाकणं आलं. काम चाललं होतं १९४३ पर्यंत. पायाभरणीच्या दिवशी जन्मलेलं बाळ राजवाडा पुरा होईपर्यंत तुमच्या नववीतल्या दादाएवढं झालं होतं!

शेवटच्या काही वर्षांत मात्र एक भलतंच विघ्न आलं. दुसरं महायुद्ध पेटलं होतं. राजवाड्यासाठी लंडनच्या एका प्रसिद्ध कंपनीकडे फर्निचर सांगितलं होतं. ते घेऊन येणारं जहाज जर्मनांनी बुडवलं. पलंग, खुर्च्या, कपाटं सगळं गेलं समुद्राच्या तळाशी. आता काय करायचं?

नेमका त्याच सुमारास स्टेफान नॉर्ब्लिन नावाचा एक चित्रकार भारतात आला होता. तो पोलंडचा. १९३९ मध्ये हिटलरच्या फौजा पोलंडमध्ये घुसल्या, तेव्हा तो आणि त्याची अभिनेत्री बायको देश सोडून निघाले. देशोदेशी भटकत भटकत १९४१ मध्ये ते भारतात पोचले. (युद्धामुळे घरदार गमावलेल्या हजारो पोलिश बायका-मुलांना पुढे कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथल्या छावणीत आसरा मिळाला होता. त्याची गोष्ट पुन्हा कधीतरी सांगेन.) उमेदसिंहांनी नॉर्ब्लिनला बोलावून घेतलं. त्यानं नव्या फर्निचरचे आराखडे काढले, दालनं सजवली आणि भिंतींवर चित्रं रंगवली. कसली चित्रं? रामायणातली! तोवर ज्यानं आपली रामकथा क्वचितच ऐकली असेल, अशा परदेशी माणसानं सिंहासनाच्या दालनात रामसीतेचे प्रसंग रंगवले. त्यातली माणसं जरा उंच, सडपातळ, वेगळ्याच धाटणीची वाटतात. आपल्या कॅलेंडरवरच्या रामापेक्षा निराळी, पण बघतच राहावीत अशी. १९४६ मध्ये तो अमेरिकेला निघून गेला. राजस्थानच्या हवेनं पुढे ही चित्रं खराब झाली. अलीकडच्या काळात पोलंडहून तज्ज्ञ आले आणि त्यांनी ती पुन्हा नीट केली.

ज्यांनी हौसेनं हा राजवाडा बांधला, त्या उमेदसिंहांना तो फार दिवस उपभोगता आला नाही. राजाला विमानाचं भारी वेड. ते स्वतः विमान चालवायचे. त्यांनी जोधपूरला असा विमानतळ केला, की युरोपातून पूर्वेकडे जाणारी विमानं तिथे उतरू लागली. १९४७ च्या जूनमध्ये, स्वातंत्र्याच्या दोनच महिने आधी, ते वारले. मुलगा हनवंतसिंह गादीवर आला, तो १९५२ च्या जानेवारीत विमान अपघातात गेला. आणि राजवाड्याचा मालक झाला चार वर्षांचा गजसिंह! तुम्ही चार वर्षांचे होता तेव्हा तुमच्या मालकीचं काय होतं, आठवतंय?

संस्थानं भारतात विलीन झाली, तेव्हा राजांना सरकारकडून दरवर्षी ठरावीक रक्कम मिळायची. तिला तनखा म्हणत. १९७१ मध्ये संविधानात दुरुस्ती झाली आणि तनखे बंद झाले. लोकशाहीत सगळे नागरिक सारखे, मग काहींना तनखा का, असा तो विचार. माझ्या मते तो योग्यच होता. पण राजांपुढे प्रश्न पडला, की एवढाले वाडे सांभाळायचे कसे? ३४७ खोल्यांना नुसता झाडू मारायचा म्हटलं तरी किती माणसं लागतील! जयपूरच्या रामबाग राजवाड्याचं १९५७ मध्येच हॉटेल झालं होतं. उदयपूरच्या तळ्यातला महालही १९६३ पासून हॉटेल होता. ऑक्सफर्डला शिकून १९७० मध्ये परतलेल्या तरुण गजसिंहांनी तोच मार्ग धरला आणि १९७० च्या दशकात उमेद भवनात पाहुणे पैसे देऊन राहू लागले. २००५ पासून हे हॉटेल ताज समूह चालवतो.

तर आपण तिथे पाहुणे म्हणून गेलो आहोत, विसरला नाहीत ना? फाटकातून गाडी आत शिरते. बागेत मोर असे फिरत असतात, जसं काही भाडं तेच घेणार आहेत. घुमटाखालच्या दालनात पाऊल ठेवलं, की मान आपोआप वर जाते आणि आवाज आपोआप खाली येतो. संगमरवरी जिने, लांबच लांब बोळ, खाली गालिचे. खोलीत गेलात तर पलंग एवढा मोठा, की घरातली चारही भावंडं आडवी झोपतील. एका दालनात शिकार केलेल्या प्राण्यांची पेंढा भरलेली मुंडकी भिंतीवर टांगलेली दिसतात. ती बघून मला तरी घास गोड लागला नसता. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि असल्या शिकारीला आळा बसला, ते बरं झालं.

आणि पोहायचा तलाव कुठे आहे ओळखा. गच्चीवर? बागेत? नाही, तळघरात! वरती उन्हानं माती भाजून निघते, तेव्हा खाली गारवा. तलावाच्या सजावटीत बारा राशींची चिन्हं आहेत. मेष, वृषभ, मिथुन... आपापली रास शोधायची आणि तिथे बुडी मारायची. ज्या गावात घागरभर पाण्यासाठी माणसं मैलोन्‌मैल चालली, त्याच गावात राजाच्या घराखाली पोहायचं पाणी, हे मात्र मनात आल्याशिवाय राहत नाही. आता हिमालयातल्या नद्यांचं पाणी कालव्यानं जोधपूरला पोचतं, त्यामुळे पूर्वीइतके हाल नाहीत.

अशा हॉटेलात राहताना एक खेळ जरूर खेळावा. आपल्याला दिसत नाहीत अशी माणसं मोजायची. सकाळी चादर बदललेली असते, ती कोणी धुतली? फुलदाणीत ताजी फुलं आहेत, ती पहाटे कोणी खुडली? पितळी कडी चकचकीत आहे, ती कोणी घासली? धोबीखाना, स्वयंपाकघर, बाग, वीज, पाणी, हिशेब... एका पाहुण्यामागे कितीतरी जणांचे हात असतात. बाकी कोणी नाव सांगितलं तर लक्षात ठेवा, आणि ‘‘ए, पाणी आण’’ असं म्हणू नका. ‘‘काका, पाणी देता का?’’ म्हटलं तरी पाणी तेवढंच थंड मिळतं.

जेवायला बसलात, की ताटात केर-सांगरीची भाजी मागा. आंबट, तिखट, मसालेदार! केर ही वाळवंटातल्या काटेरी झुडपाची बारीक फळं, आणि सांगरी म्हणजे खेजडीच्या झाडाच्या शेंगा. दोन्ही वाळवून ठेवली तर महिनोन्‌महिने टिकतात. पाऊस नसला तरी ही झाडं तग धरतात, म्हणून दुष्काळात दुसरं काही नसायचं तेव्हा लोक यावर दिवस काढायचे. आता तीच भाजी चांदीसारख्या भांड्यात, आचाऱ्याच्या नक्षीसकट येते.

खेजडीवरून आठवलं. जोधपूरपासून सुमारे २५ किलोमीटरवर खेजडली नावाचं गाव आहे. १७३० साली तिथे राजाची माणसं खेजडी तोडायला आली. का, तर महालाच्या बांधकामाचा चुना भाजायला जळण हवं होतं. गाव बिष्णोई लोकांचं. त्यांच्या पंथात हिरवं झाड तोडणं पाप. अमृतादेवी नावाच्या बाईनं झाडाला मिठी मारली, आणि तिच्यावर कुऱ्हाड पडली. तिच्या मुली पुढे झाल्या. मग एकेक गावकरी. एकूण ३६३ माणसांनी झाडांसाठी प्राण दिले, तेव्हा राजानं तोड थांबवली आणि तिथे पुन्हा झाड तोडायचं नाही असा हुकूम काढला. जोधपूरला गेलात तर राजवाड्याबरोबर हे गावही बघून या. तिथे तिकीट नाही आणि गर्दीही फारशी नसते.

आता तुम्ही म्हणाल, लॉटरी काही लागायची नाही, मग उमेद भवन बघायचं कसं? सोपं आहे. हॉटेलात पाहुण्यांशिवाय कोणाला सोडत नाहीत, पण संग्रहालयाचं तिकीट काढलं की राजवाड्याचा एक भाग आरामात बघता येतो. राजाच्या जुन्या मोटारी तिथे मांडल्या आहेत. काचेची भांडी आहेत, जुनी छायाचित्रं आहेत, आणि घड्याळं! एखादं पवनचक्कीच्या आकाराचं, एखादं दीपगृहासारखं. भिंतीवरच्या गोल घड्याळाला कंटाळलेल्या मुलांनी तिथे अर्धा तास तरी ठेवावा.

बाहेर पडताना मात्र घाई करू नका. भिंतीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहा आणि दोन दगडांमधली रेघ शोधा. सापडली की तिच्यात नख जातं का बघा. पहारेकरी ओरडेल कदाचित, पण नख काही जाणार नाही.